समुद्राने न आणलेले धोंडे : बाल्टिकच्या बेटांवरचे उपरे खडक

जर्मनीच्या ईशान्य टोकाला, बाल्टिक समुद्रात र्‍युगेन नावाचं बेट आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्योरेन गाव, आणि गावासमोर किनाऱ्यापासून साधारण ३०० मीटर आत पाण्यातून डोकं काढून बसलेला एक काळपट धोंडा. त्याचं नाव बुस्काम. वर दिसतो तो जेमतेम दीड मीटर, बाकी सगळा पाण्याखाली. एकूण आकारमान सुमारे ६०० घनमीटर आणि वजन सुमारे १,६०० टन. एका ट्रकात १६ टन माल भरला तर शंभर ट्रक लागतील.

तरी खरं नवल वजनाचं नाही, जातीचं आहे. र्‍युगेन बेटाचा पाया खडूसारख्या पांढऱ्या, मऊ चुनखडकाचा. त्या खडूवर बर्फाने आणून टाकलेल्या माती-वाळूचे थर. बेटावर कुठेही खणलं तरी जागचा ग्रॅनाइट हाती लागत नाही. बुस्काम मात्र अस्सल ग्रॅनाइट आहे, आणि या विशिष्ट जातीचा ग्रॅनाइट मूळ जागेवर सापडतो तो बॉर्नहोम या डॅनिश बेटाच्या उत्तर टोकाला. मधे शंभर-सव्वाशे किलोमीटर समुद्र.

अशा दगडांना जर्मन भाषेत ‘फिंडलिंग’ म्हणतात, म्हणजे वाटेवर सापडलेलं बेवारस मूल. एस्टोनियन शब्दाचा अर्थ ‘भटका खडक’ असा होतो, तर स्वीडिश लोक सरळ ‘हलवलेला ठोकळा’ म्हणून मोकळे होतात. आपण त्यांना उपरे धोंडे म्हणू. जिथे आहेत तिथले नाहीत, एवढी एकच अट. आकाराची अट नाही. मुठीएवढा गोटाही उपरा असू शकतो, आणि घराएवढा धोंडा जागचाच असू शकतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

बर्फ दगड उचलतो कसा

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियावर बर्फाचा जो थर होता, त्याची जाडी मध्यभागी तीन किलोमीटरच्या आसपास होती. बर्फ कडक दिसतो, पण एवढ्या जाडीला तो स्वतःच्या वजनाने वाहू लागतो. घट्ट पिठलं ताटात ओतलं की जसं मधून कडेला सरकतं, तसा. फरक वेगाचा. तळाशी पाण्याचा पातळ पापुद्रा असेल तर बर्फ जमिनीवरून घसरतही जातो.

तळाचा बर्फ वितळतो का, याचं उत्तर दाबात आहे. एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली वितळण्याचं तापमान शून्याखाली साधारण पाऊण अंशाने उतरतं. आता वाटेत खडकाचा उंचवटा आला असं समजा. ज्या बाजूने बर्फ येऊन धडकतो तिथे दाब वाढतो आणि थोडा बर्फ वितळतो. ते पाणी उंचवट्याला वळसा घालून मागच्या बाजूला जातं. तिथे दाब कमी असल्यामुळे ते पुन्हा गोठतं, आणि गोठतं ते नेमकं खडकाच्या भेगांत. भेगेत गोठलेला बर्फ आणि वरून सरकणारा बर्फ एकजीव झाले की ठोकळा पकडीत सापडतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की एक दिवस तो उपटला जातो. म्हणून बर्फाखालून निघालेल्या अशा उंचवट्यांची एक बाजू घासून गुळगुळीत झालेली असते आणि दुसरी दात पाडल्यासारखी खडबडीत. बर्फ कोणत्या दिशेने गेला, ते या दोन बाजू पाहून लगेच कळतं.

धोंडा किती मोठा निघणार, हे बर्फाच्या ताकदीपेक्षा मूळ खडकातल्या भेगांवर ठरतं. ग्रॅनाइट थंड होताना आणि नंतर वरचा भार हलका होताना त्यात एकमेकींना छेदणाऱ्या भेगा पडतात. भेगा अर्ध्या मीटरवर असतील तर गोटेच निघतील. सहाशे घनमीटरचा ठोकळा घनाच्या आकाराचा धरला तर त्याची बाजू साडेआठ मीटरला थोडी कमी भरते, म्हणजे बुस्काम जिथून निघाला तिथे भेगांमधलं अंतर निदान तेवढं असलं पाहिजे. चुनखडक, शिस्ट, स्लेट यांचे थर वाटेतच सुटतात, त्यामुळे महाकाय धोंड्यांत ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार, कठीण खडक) यांचीच गर्दी दिसते.

उचलल्यानंतरचा प्रवास जात्यासारखा असतो. तळाशी सापडलेला दगड खालच्या खडकावर घासून झिजतो, त्याला सपाट पैलू पडतात, ओरखडे उमटतात, आणि बरेचसे दगड पिठासारखे बारीक होऊन संपतात. जात्याच्या खुंट्याजवळचे दाणे जसे वाचतात, तसे बर्फात जरा वर उचलले गेलेले दगड धडपणे पोचतात. वेगाचा अंदाज घ्यायचा तर वर्षाला ५० मीटर धरा. १२० किलोमीटरला २,४०० वर्षं. घाई कुणालाच नव्हती.

माणसाला हेच काम कसं जमलं, तेही पाहण्यासारखं आहे. सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या अश्वारूढ पुतळ्याखाली फिनलंडच्या आखातालगतच्या लाख्ता इथला असाच एक उपरा धोंडा आहे. मुळात तो सुमारे १,५०० टनांचा होता. १७६९-७० च्या हिवाळ्यात जमीन गोठून कडक झाल्यावर सुमारे ४०० माणसांनी खोबणीच्या रुळांवर काशाचे गोळे ठेवून त्यांवरून तो ओढला. पल्ला फक्त सहा किलोमीटरचा, तोही पाण्यापर्यंतच. पुढे तराफ्यासारखं खास जहाज बांधावं लागलं.

समुद्राने फक्त उघडे पाडले

किनाऱ्यावर धोंडे दिसले की मनात पहिला विचार लाटांचा येतो. वादळी लाटा दगड हलवतात हे खरंच आहे, पण बाल्टिकसारख्या बंदिस्त, जवळजवळ भरती-ओहोटी नसलेल्या समुद्राच्या लाटांनी १,६०० टनांचा ठोकळा १२० किलोमीटर आणणं शक्य नाही. मग धोंडे किनाऱ्यावरच का दिसतात? आतल्या शेतांत इतके का नाहीत?

आतही आहेत. फक्त पुरलेले आहेत.

वितळताना बर्फ आपल्या पोटातलं सगळं एकत्र टाकतो. वाहतं पाणी माल निवडून टाकतं : जड गोटे आधी, मग वाळू, शेवटी गाळ. बर्फाला ही निवड जमत नाही. पिठूळ माती, वाळू, खडी आणि घराएवढा धोंडा हे सगळं एकाच ढिगात, कसलाही थर न धरता पडतं. भूवैज्ञानिक या मिश्रणाला ‘टिल’ म्हणतात. बर्फाच्या कडेला त्याचे बांधासारखे ढीग होतात, ते हिमोढ. र्‍युगेनचा बराच भाग, एस्टोनियाच्या किनाऱ्याचे अनेक पट्टे, फिनलंडची हजारो छोटी बेटं ही मुळात असल्या मिश्रणाचे ढिगारे आहेत किंवा त्याने मढलेली आहेत.

आता या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी समुद्र आला. लाट कड्याला पोखरते, दरड कोसळते. माती पाण्यात मिसळून दूर जाते, वाळू किनाऱ्याला समांतर सरकत पुढच्या पुळणीला मिळते, गोटे थोडेफार गडगडतात. धोंडा मात्र आधाराची माती निघाली की जागच्या जागी खाली बसतो आणि तिथेच राहतो. कडा मागे सरकत जातो, धोंडे मात्र पाण्यात मागे पडत जातात. कडा वर्षाला ३० सेंटिमीटर मागे हटतो असं धरलं तर हजार वर्षांत ३०० मीटर होतात. हिशोब इतका सरळ कधीच नसतो, कारण याच काळात समुद्राची पातळी आणि जमिनीची उंची दोन्ही बदलत असतात. पण किनाऱ्यासमोर उथळ पाण्यात धोंड्यांची गर्दी दिसली, तर तिथे पूर्वी हिमोढाचा डोंगर होता असं समजायला हरकत नाही. चाळणीत मागे उरलेला माल म्हणजे हे धोंडे.

याच कारणाने हे धोंडे काढून नेण्याचे परिणाम किनाऱ्याला भोगावे लागले. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर १९७० च्या दशकापर्यंत ‘दगडांची मासेमारी’ चालत असे. पाणबुडे खाली उतरून धोंड्याला लोखंडी चिमटा लावायचे, बोटीवरच्या यारीने तो उचलला जायचा, आणि बंदरांचे धक्के, लाटरोधक बांध, इमारतींचे पाये यांत त्याची रवानगी व्हायची. धोंड्यांचा थर हे उथळ तळाचं चिलखत असतं. ते काढल्यावर खालची माती लाटांना उघडी पडली, आणि शिंपले व समुद्री शैवाल यांना चिकटायला कडक पृष्ठभागच उरला नाही. वाळूवर ती जगत नाहीत. आता काही ठिकाणी दगड विकत आणून समुद्रात परत टाकले जातात.

हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. उथळ किनारा गोठतो, धोंडा बर्फात पकडला जातो, आणि वाऱ्याने बर्फाचा तक्ता सरकला की धोंडाही सरकतो. मागे नांगरल्यासारखी चर उरते. एस्टोनियाच्या किनाऱ्यांवर अशा चरा ओळखता येतात. पण हे सरकणं काही मीटरांचं असतं. मूळ प्रवासाशी त्याची गल्लत करू नये.

गाव कुठलं?

उपऱ्या धोंड्याचं गाव शोधायचं तर आधी हे पक्कं हवं की प्रत्येक दगड साक्ष देऊ शकत नाही. साधा राखाडी नाइस अर्ध्या स्कँडिनेव्हियात मिळतो, त्यावरून काही ठरत नाही. साक्षीदार दगडाला तीन गोष्टी लागतात : तो नुसत्या डोळ्यांनी किंवा दहापट भिंगाने ओळखता यावा, त्याचं मूळ ठिकाण लहान आणि माहितीतलं असावं, आणि प्रवासात टिकेल इतका तो चिवट असावा.

ओलांड बेटांचा रापाकिवी ग्रॅनाइट हा असा आदर्श साक्षीदार. विटकरी-तांबड्या रंगाचा, त्यात फेल्डस्पार या खनिजाचे गोल ठिपके आणि ठिपक्यांभोवती वेगळ्या रंगाचं कडं. एकदा पाहिला की विसरत नाही. ओलांड बेटं स्वीडन आणि फिनलंडच्या मधे आहेत. तिथला दगड र्‍युगेनला मिळाला तर त्याने सरळ रेषेत मोजलं तरी ७५० किलोमीटर कापलेले असतात, आणि बर्फ सरळ रेषेत न जाता बाल्टिकच्या खोलगट भागातून वळत आला होता. दुसरा साक्षीदार ओस्लोजवळचा ऱ्होंब पॉर्फिरी. गडद बारीक कणांच्या खडकात शंकरपाळ्यासारखे फिक्या फेल्डस्पारचे स्फटिक. तो डेन्मार्कमध्ये मिळतो आणि थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरही.

पाहायची रीत साधी आहे, पण पायरी चुकली की उत्तर चुकतं. दगडाची जुनी, हवेने गंजलेली पाठ फसवी असते. हातोडीने कोपरा उडवून ताजा भाग काढावा, तो पाण्याने ओला करावा, मग भिंग लावावं. जिथे धोंडे संरक्षित आहेत तिथे हातोडी अर्थातच बंद, मग शेजारच्या पुळणीतल्या गोट्यांवर भागवावं. एका धोंड्यावरून दिशा ठरवू नये. एकाच जागेवरचे निदान शंभरेक ओळखू येणारे गोटे मोजून, कुठल्या गावचे किती याचं प्रमाण काढलं तरच बर्फाच्या वाटेबद्दल बोलता येतं. आणि गोटे शक्यतो कड्यातल्या ताज्या टिलमधून काढावेत, कारण पुळणीवर आजूबाजूचा माल मिसळलेला असतो.

चुकवणाऱ्या गोष्टी दोन आहेत आणि दोन्ही माणसाच्या. जुनी शिडाची जहाजं रिकामी असताना तोल राखायला पोटात दगड भरायची आणि बंदरात माल चढवण्याआधी ते फेकून द्यायची. त्यामुळे जुन्या बंदरांजवळचा परका दगड जहाजातून आलेला असू शकतो. दुसरं म्हणजे किनारा वाचवायला नॉर्वेच्या खाणींतून आणून टाकलेले दगड. त्यांच्या कडा धारदार असतात, आणि नीट पाहिलं तर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धी नळी एखाद्या अंगावर दिसते.

याखेरीज एक अडचण निसर्गाचीही आहे. उत्तर युरोपात मोठे हिमथर एकदाच आले नाहीत. जर्मनीच्या सपाट प्रदेशात निदान तीन मोठ्या स्वाऱ्यांच्या खुणा आहेत. पहिल्या खेपेला अर्ध्या वाटेवर टाकलेला दगड दुसरीने उचलून वेगळ्याच दिशेला नेला असू शकतो. मूळ गाव आणि आजची जागा जोडणारी रेघ म्हणजे प्रवासाचा रस्ता, असं म्हणता येत नाही.

एस्टोनियात तर उलटं झालं : धोंड्यांनी गाव दाखवलं. वायव्य किनाऱ्याजवळच्या ऑस्मुसार बेटावर आणि समोरच्या मुख्य भूमीवर विचित्र धोंडे होते. फुटून पुन्हा सांधल्यासारखे, नाइसचे अणकुचीदार तुकडे एकमेकांत घट्ट बसलेले. स्थानिक जागचा खडक चुनखडक, त्यामुळे ते उपरे होते हे उघड, पण अशा खडकाचं मूळ ठिकाण काही सापडेना. शेवटी १९९० च्या दशकात समुद्रतळाच्या मोजणीत जवळच न्यूग्रुंड नावाच्या उथळ भागात एक गोल विवर स्पष्ट झालं, पाणबुड्यांनी तळाचे नमुने आणले, आणि उलगडा झाला. सुमारे ५३ कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळली होती. त्या आघातात चुरडलेला खडक विवराच्या कडेला होता आणि हिमथराने त्याचे ठोकळे उपटून किनाऱ्यावर आणून ठेवले होते.

१८७५ : बर्लिन आणि चंद्रपूर

हे सगळं आज सोपं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणकारांचं मत वेगळं होतं. चार्ल्स लायेल यांच्यासारख्या मोठ्या भूवैज्ञानिकाचं म्हणणं असं की पूर्वी उत्तर युरोपावर थंड समुद्र होता, त्यात हिमनग तरंगत आले आणि वितळताना दगड सोडून गेले. लुई अगासीने १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये महाहिमयुगाची कल्पना मांडली होती, पण आल्प्स हे तरी डोंगर. बर्लिनच्या सपाट मैदानावर स्वीडनहून बर्फ चालत आला, हे पचायला कठीण होतं. त्याआधीची लोककथा तर आणखी सोपी : एस्टोनियात कुठलाही मोठा धोंडा कालेवीपोएग या राक्षसी ताकदीच्या वीराने भिरकावलेला असतो. आपल्याकडे हे काम भीमाकडे असतं.

३ नोव्हेंबर १८७५ रोजी स्वीडिश भूवैज्ञानिक ऑटो टोरेल यांनी बर्लिनमध्ये जर्मन भूवैज्ञानिकांच्या सभेत जवळच्या र्‍यूडर्सडोर्फच्या चुनखडकावरचे समांतर ओरखडे हा पुरावा मांडला. तरंगता हिमनग जागच्या खडकाला एकाच दिशेत असे व्यवस्थित घासत नाही. जमिनीवर टेकलेला, सरकणारा बर्फच ते करतो. तिथून वारं फिरलं. हिमनगांचा सिद्धांत अगदीच टाकाऊ नव्हता, हेही सांगायला हवं. बर्फाच्या कडेला साचलेल्या तलावांत हिमनगांनी दगड सोडले आहेत. त्यांची खूण वेगळी : बारीक थरांच्या चिकणमातीत एकच दगड, आणि त्याच्या खालचे थर गादीवर लोखंडी गोळा टाकल्यासारखे दबलेले.

योगायोग असा की १८७५ मध्येच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात फ्रान्सिस फेडन यांची एक छोटी टिपणी छापून आली. विषय होता चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरजवळ, पैनगंगेकाठी इरई गावापाशी सापडलेला चुनखडक. पृष्ठभाग घासून चकचकीत झालेला, त्यावर समांतर ओरखडे आणि पन्हाळी, आणि वर तालचेर नावाच्या खडकथराचे न निवडलेले, लहान-मोठे दगड. या खुणा बाल्टिकपेक्षा कितीतरी जुन्या आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांच्या. तेव्हा भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ. विदर्भाच्या उन्हात उभं राहून हिमनदीचा तळ पाहायचा असेल तर जागा ही.

मात्र आपल्याकडचे बहुतेक प्रसिद्ध मोठे धोंडे उपरे नाहीत. हंपीचे ढीग, महाबलीपुरमचा ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’, जबलपूरचा तोललेला दगड, हे सगळे ज्या खडकावर बसलेत त्याच खडकाचे आहेत. जमिनीखाली भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, मधला गाभा गोल उरतो, आणि वरची कुजलेली माती वाहून गेली की तो उघडा पडतो. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये हेच रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत पाहता येतं : कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटलेले आणि मधे गोल गोटा. म्हणून परीक्षेतला पहिला प्रश्न नेहमी एकच : खाली कोणता खडक आहे? वरचा आणि खालचा सारखाच निघाला तर हिमयुगाची गोष्ट सांगायची घाई करू नये.

माप आणि वय

मोठा धोंडा मोजताना घेर, लांबी, रुंदी आणि उंची घ्यायची. घेर सर्वांत फुगीर भागावर, फीत आडवी ताणून. फीत झोळ खाल्ली किंवा खड्ड्यात शिरली की घेर वाढतो. आकारमानासाठी लांबी × रुंदी × उंची × ०.५२ हे सूत्र अंडाकृती धोंड्याला चालतं. चौकोनी ठोकळ्याला ०.६ ते ०.७ घ्यावं. एस्टोनियाच्या उत्तर किनाऱ्यावर लेटिपेआ इथे एहालकिवी नावाचा धोंडा आहे, उत्तर युरोपच्या हिमप्रदेशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. १६.५ मीटर लांब, १४.३ रुंद, ७.६ उंच. गुणाकार करून ०.५२ ने गुणलं की ९३२ येतात. नोंदलेलं आकारमान ९३० घनमीटर आहे. ग्रॅनाइटचा घनमीटर २.७ टनांचा, म्हणजे वजन सुमारे २,५०० टन. पुरलेला किंवा पाण्याखालचा भाग अंदाजाने धरला की आकडे फुगतात, आणि ‘सर्वांत मोठा’ कोण यावरची भांडणं बहुधा या अंदाजांवरच चालतात. एस्टोनियात ३० मीटरपेक्षा जास्त घेर असला तरच ‘महाकाय’ म्हणतात, आणि घेर मोजायला सोपा असल्याने ही कसोटी शहाणपणाची आहे.

वय म्हणजे इथे खडकाचं वय नव्हे. धोंडा उघड्यावर कधी आला, ते वय. आकाशातून येणारे वैश्विक किरण क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारेच्या स्फटिकांत, बेरिलियम-१० हा दुर्मीळ अणू तयार करतात. समुद्रसपाटीला, उत्तरेच्या अक्षांशांवर दर ग्रॅम क्वार्ट्झमागे वर्षाला साधारण चार अणू. दहा हजार वर्षं उघडा असेल तर ग्रॅममागे ४०,००० च्या आसपास. नमुना धोंड्याच्या माथ्यावरचा, सपाट भागाचा, कडेपासून दूर, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा आणि अर्धा ते एक किलो लागतो. धोंडा निदान मीटरभर उंच असावा, नाहीतर तो पूर्वी मातीत झाकलेला असण्याची शक्यता वाढते. आजूबाजूच्या टेकड्या आकाश किती झाकतात तेही मोजून ठेवायचं.

उत्तर कुठे बिघडतं? उपटला जाण्याआधीच खडकाचा तो भाग उघडा असेल तर जुने अणू सोबत येतात आणि वय जास्त निघतं. नंतर धोंडा उलटला किंवा उशिरा मातीतून वर आला तर कमी निघतं. वर्षातले चार महिने माथ्यावर मीटरभर बर्फ साचत असेल तर पाच-सहा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून एका जागेचे तीन-चार धोंडे तपासतात आणि एखादा फटकून असेल तर त्याची कारणं शोधतात. पण बेटांवर सर्वांत मोठा घोळ समुद्र घालतो. पाणी किरण अडवतं. पाच मीटर पाण्याखाली जेमतेम चार-पाच टक्के अणू तयार होतात. बर्फ हटल्यावर धोंडा आधी समुद्रात बुडालेला असेल, तर हाती येतं ते बर्फ गेल्याचं वय नसतं, धोंडा पाण्याबाहेर आल्याचं असतं.

अजून वर येत असलेले

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, वासा शहरासमोर, क्वार्केन नावाचा ५,६०० बेटांचा विस्कटलेला पट्टा आहे. इथला समुद्र बहुतेक ठिकाणी २५ मीटरपेक्षाही उथळ. तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाने इथली जमीन खाली दाबली होती. भार गेल्यावर ती अजूनही वर येते आहे, वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर. समोरच्या स्वीडिश किनाऱ्यावर, ज्याला ‘उंच किनारा’ म्हणतात, बर्फ गेल्यापासून जमीन २८६ मीटर वर आल्याच्या खुणा आहेत. दोन्ही मिळून हा भाग जागतिक वारसा यादीत आहे. स्वीडनची बाजू २००० मध्ये आली, क्वार्केन २००६ मध्ये.

क्वार्केनमध्ये पत्र्याच्या पन्हाळीसारखे समांतर, ठेंगणे हिमोढ आहेत. बर्फाची कडा पाण्यात टेकलेली असताना ते तयार झाले. जमीन वर आली की आधी धोंड्यांचे माथे दिसतात, मग त्यांची रांग, मग गवत धरलेला दांडा, मग दोन दांडे जोडले जाऊन मधे तळं. दरवर्षी साधारण एक चौरस किलोमीटर नवी जमीन मिळते. त्या जमिनीची मालकी कोणाची, हा तिथे खराखुरा प्रश्न आहे. बंदरांची मात्र पंचाईत होते. वासा शहर १८५२ मध्ये जळलं. ते पुन्हा उभारलं १८६२ मध्ये, पण सात-एक किलोमीटर समुद्राकडे सरकवून, कारण जुन्या जागेपासून पाणीच हटलं होतं.

नावाड्यांच्या दृष्टीने अडचण अशी की नकाशावरची खोली जुनी होत जाते. दीड मीटर पाण्याखाली म्हणून नोंदलेला धोंड्याचा माथा ५० वर्षांत ४० सेंटिमीटर वर येतो, आणि होडीचा तळ तेवढ्यानेच फुटतो. अलीकडे हिशोबात आणखी एक आकडा शिरला आहे. जगभरचा समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटरने चढतो आहे, त्यामुळे जमिनीचे आठ वजा समुद्राचे साडेतीन, म्हणजे निव्वळ साडेचार. आज ४० सेंटिमीटर पाण्याखाली असलेला जो धोंडा जुन्या हिशोबाने ५० वर्षांत हवेत आला असता, त्याला आता ९०च्या आसपास लागतील. तोवर तो पाण्याच्या पृष्ठभागाखाली, दिसेल न दिसेल असा, होड्यांची वाट पाहत राहणार.